पिके : एका नावाची चौकशी

राजे कोठे लढले, कोणत्या तहावर कोणी सह्या केल्या, कोणता किल्ला कोणत्या साली पडला, हे इतिहासाच्या पुस्तकांतून आपल्याला तिथीवारासह वाचावयास मिळते. परंतु तेच राजे आणि त्यांचे शिपाई लढाई नसलेल्या दिवशी वेळ कसा घालवीत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. खरे पाहता माणसाच्या आयुष्यात लढाईचे दिवस थोडे आणि रिकाम्या संध्याकाळी फार. स्वप्रांतापासून दूर, बदलीच्या गावी राहणाऱ्या आम्हां नोकरदार मंडळींस तर हे कोणी पटवून द्यावयास नको. कचेरी सुटल्यावर दिवेलागणीपासून निजेपर्यंतचा काळ कसा कंठावा, हा आमच्यापुढील रोजचाच प्रश्न. आणि त्याचे एक जुने, सर्वमान्य उत्तर म्हणजे पत्ते! म्हणूनच प्रस्तुत लेखात आम्ही एका जुन्या फ्रेंच पत्त्यांच्या खेळाची, आणि खेळाहूनही अधिक त्याच्या नावाची, चौकशी करण्याचे योजिले आहे.

ह्या खेळाचे नाव 'पिके'. इंग्रज लोक त्याचे लेखन फ्रेंचांप्रमाणेच करीत आणि उच्चार मात्र 'पिकेट' असा करीत. 'पिके' हा शब्द कानी पडताच मराठी माणसास ज्वारी-बाजरीचे स्मरण व्हावे, हे साहजिक आहे. पण म्हणून हा खेळ आपल्या शेतकऱ्यांनी शोधून काढला असे विधान कोणी शहाणा मनुष्य करणार नाही. ही गंमत वाचकांनी थोडा वेळ ध्यानात ठेवावी, एवढीच विनंती. शब्दांच्या व्युत्पत्ती लावताना भल्याभल्यांनी ह्याहून फार निराळे काही केलेले नाही, असे पुढे दिसून येईल.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. पिके हा दोघांचा खेळ. त्यास ३२ पाने लागतात. आपल्या नेहमीच्या जोडातून दुर्रीपासून छक्कीपर्यंतची २० पाने काढून ठेवली, की सत्तीपासून एक्क्यापर्यंतची जी पाने उरतात तोच पिकेचा जोड. ज्यांच्या घरी बिझिकचे डाव पडले असतील त्यांस हा जोड ओळखीचा वाटेल. कारण बिझिक खेळताना असेच दोन जोड एकत्र करावे लागतात. पिकेत प्रत्येकास १२ पाने वाटली जातात आणि ८ पाने मध्ये पालथी राहतात. वाटणाऱ्याचा प्रतिपक्षी आपल्या हातातील नको असलेली पाच पाने टाकून तितकीच मधून घेऊ शकतो. उरलेली तीन वाटणाऱ्याच्या वाट्यास येतात. काय ठेवावे आणि काय टाकावे, ह्या एका निर्णयावर डावाचे निम्मे भवितव्य ठरते.

ह्यानंतर एक शिष्टाचाराचा संवाद होतो. आपल्यापाशी एका रंगाची किती पाने आहेत, क्रमाने लागलेली किती आहेत, एकाच दर्जाची तीन किंवा चार आहेत काय, हे आधी खेळणारा जाहीर करतो. प्रतिपक्षी 'चांगले', 'सारखे' अथवा 'चांगले नाही' असे तीनच प्रकारचे उत्तर देतो. ज्याचे सरस त्यास गुण मिळतात, दुसऱ्यास त्या बाबीचे काही मिळत नाही. चार एक्के किंवा चार राजे जमले तर १४ गुण. हातात एकही चित्राचे पान नसेल तर त्या दुर्दैवाचे सांत्वन म्हणून १० गुण. मग हात करण्यास आरंभ होतो. ह्या खेळात हुकूम नाही. चारही रंगांची प्रतिष्ठा सारखीच. अधिक हात करणाऱ्यास १० गुण, आणि सगळेच्या सगळे १२ हात एकाने केले तर ४०. असे सहा डाव मिळून एक बाजी होते.

ह्या गुणांच्या मोजणीत दोन चमत्कारिक पारितोषिके आहेत. प्रतिपक्ष्याचा एकही गुण होण्यापूर्वी एखाद्याने नुसत्या जाहीर केलेल्या पानांवर ३० गुण गाठले, तर त्यास आणखी ६० मिळतात. ह्यास 'रपिक' म्हणतात. जाहीर केलेली पाने आणि खेळलेली पाने मिळून तसे ३० झाले, तर आणखी ३०. ह्याचे नाव 'पिक'. हे 'पिक' नाव वाचकांनी आपल्या टिपणात नोंदवून ठेवावे. चौकशीच्या शेवटी त्याचे काम पडणार आहे.

आता वयाचा दाखला पाहू. पिकेचा सर्वांत जुना उल्लेख म्हणून बहुतेक ग्रंथकार राबले ह्या फ्रेंच लेखकाच्या 'गार्गांतुआ'कडे बोट दाखवितात. हे पुस्तक १५३४ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्यात नायक भोजनोत्तर जे खेळ खेळतो त्यांची यादी दिली आहे, आणि ती आवृत्तीगणिक वाढत दोनशेच्या वर गेली. ह्या यादीत 'पिके' हे नाव आहे, ह्यात संशय नाही. परंतु कागदावर शब्द आहे एवढ्यावरून समाधान मानू नये, तो कोणत्या संदर्भात आहे हेही पाहावे, ही कचेरीतली शिस्त येथेही उपयोगी पडते. राबलेच्या यादीचा आरंभ पत्त्यांच्या खेळांनी होतो, आणि त्या आरंभीच्या नावांत 'सां', म्हणजे 'शंभर', ह्या नावाचा एक खेळ आहे. 'पिके' मात्र तेथे नाही. तो पुष्कळ पुढे, लपंडावाच्या शेजारी, मुलांच्या मैदानी खेळांच्या घोळक्यात उभा आहे. फ्रेंच भाषेत 'पिके' म्हणजे जमिनीत रोवण्याची खुंटी. तेव्हा राबलेचा 'पिके' हा पत्त्यांचा खेळ असण्याऐवजी खुंट्या रोवून खेळावयाचा पोरांचा खेळ असण्याचाही संभव दुर्लक्षिता येत नाही. उलट त्या 'सां'चा, म्हणजे शंभराच्या खेळाचा, पिकेशी संबंध अधिक दाट दिसतो. इंग्लंडात पिकेस जुन्या काळी 'सेंट' म्हणत; शंभर गुणांवर बाजी संपत असे म्हणून ते नाव. 'पिके' हे फ्रेंच नाव तेथे रुळले ते सतराव्या शतकाच्या मध्यास, आणि १६५१ साली लंडनमध्ये ह्या नावाने खेळाचे पुस्तकही निघाले. तात्पर्य, खेळ बहुधा नावापेक्षा जुना आहे. माणसांचे बारसे बाराव्या दिवशी होते. खेळांचे कधी कधी शंभर वर्षांनी होते.

फ्रान्समध्ये ह्या खेळाचे वेड कोणत्या थरास गेले होते, ह्याची साक्ष मोलिएरने ठेवली आहे. त्याचे एक विनोदी नाटक १७ ऑगस्ट १६६१ रोजी, अर्थमंत्री फूके ह्याच्या व्हो येथील नव्या प्रासादात, चौदाव्या लुईसमोर प्रथम झाले. नायकास एकामागून एक कंटाळवाणी माणसे भेटतात आणि त्याचा खोळंबा करतात, एवढेच त्याचे कथानक. त्यांपैकी एक गृहस्थ पिकेत हरून आलेला असतो. जिंकण्यास त्याला अवघे दोन गुण हवे होते; प्रतिपक्ष्याला पूर्ण 'पिक' हवा होता. आपल्या हातात कोणती पाने होती, कोणती टाकली, मधून काय आले, शेवटी दोन एक्क्यांपैकी कोणता ठेवावा ह्या पेचात आपण बदामाचा एक्का कसा टाकला आणि अखेर बदामाच्या एका छक्कीने आपला सत्यानाश कसा झाला, हे सारे तो रडकुंडीस येऊन सांगतो. ऐकणाऱ्यास त्यात काडीचेही स्वारस्य नसते. पत्त्यांत हरलेला माणूस असाच बोलतो, हे देशकालातीत सत्य आहे! पण इतिहासाच्या दृष्टीने त्या छक्कीस महत्त्व आहे. छक्कीने घात झाला, म्हणजे १६६१ साली जोडात छक्क्या होत्या आणि पाने ३२ नव्हे तर ३६ होती. त्या शतकाच्या उत्तरार्धात छक्क्या वगळण्यात आल्या. नाटककाराने हसविण्यासाठी घातलेल्या एका पानावरून खेळाच्या इतिहासातील एक बाब पक्की होते. (ज्या फूकेने ती मेजवानी दिली त्याला पुढल्याच महिन्यात, ५ सप्टेंबरला, राजाज्ञेने अटक झाली. त्याचाही डाव असाच अकस्मात उलटला.)

हा झाला कागदोपत्री पुरावा. आता आख्यायिकेकडे वळू. फ्रान्समध्ये पुष्कळ काळ असे सांगितले जाई, की पिके हा खेळ 'ला हीर' नावाच्या शूर सरदाराने निर्माण केला. ह्याचे खरे नाव एतिएन द व्हिन्योल. जोन ऑफ आर्कच्या बरोबरीने तो १४२९ साली ऑर्लेआँच्या लढ्यात होता. सातव्या चार्ल्सच्या बाजूने इंग्रजांशी झुंजलेला हा वीर १४४३ साली मरण पावला. फ्रेंच पत्त्यांतील चित्रांना नावे असतात, आणि बदामाच्या गुलामाचे नाव 'ला हीर' असे आहे. एवढा धागा आख्यायिकेस पुरला.

पुढे १७२० साली गाब्रिएल दानिएल ह्या विद्वान जेझुइटाने 'मेम्वार द त्रेव्हू' ह्या नियतकालिकात एक लेख लिहून ह्या धाग्याचे वस्त्रच विणले. दानिएल हा साधासुधा लेखक नव्हे. फ्रान्सचा मोठा इतिहास त्याच्या नावावर आहे. त्याच्या मते पिके हा नुसता खेळ नसून सातव्या चार्ल्सच्या काळातील राजकारण आणि युद्धशास्त्र ह्यांचे रूपक होते. 'आस' ह्या लॅटिन नाण्याचे नाव धारण करणारा एक्का म्हणजे द्रव्य, कारण पैशावाचून युद्ध चालत नाही. किलवर म्हणजे गवत. जेथे घोड्यांस चारा नाही तेथे सेनापतीने तळ देऊ नये. इस्पिक आणि चौकट म्हणजे भाले आणि बाण, अर्थात शस्त्रागार. बदाम म्हणजे हृदय, अर्थात सैनिकांचे धैर्य. राण्यांचेही त्याने असेच केले. किलवर राणीचे नाव 'आर्जीन'. ही अक्षरे उलटसुलट केली की लॅटिन 'रेजिना', म्हणजे राणी, हा शब्द मिळतो. म्हणून ती चार्ल्सची राणी. इस्पिक राणी 'पालास' ही युद्धदेवता. म्हणून ती जोन ऑफ आर्क.

हे वाचताना मन क्षणभर मोहून जाते. इतके सारे इतके नेमके जुळते, तर ते खरे असलेच पाहिजे, असे वाटू लागते. पण सालांचा ताळा घेऊन पाहावा. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर ही फ्रेंच चिन्हे ज्या स्वरूपात आपण ओळखतो ती सुमारे १४८० च्या आसपास प्रचारात आली. ला हीर तोपर्यंत जाऊन तीन तपे उलटली होती. जी चिन्हे अद्याप निघालीच नव्हती त्यांत त्याने रूपक कसे भरावे? शिवाय चित्रांवरची नावे प्रारंभापासून ठरलेली नव्हती. निरनिराळे कारागीर निरनिराळी नावे छापीत, आणि हळूहळू त्यांतील एक पद्धत रूढ झाली. म्हणजे आधी खेळ, मग नावे, आणि सर्वांत शेवटी त्या नावांवरून खेळाचा अर्थ, असा हा उलटा प्रवास आहे.

पत्त्यांत रूपक असूच शकत नाही, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा ज्यांनी पाहिल्या असतील त्यांस हे सांगावयास नको. तेथे मत्स्य, कूर्म, वराह असे दहा अवतारांचे दहा रंग आणि एकूण १२० वाटोळी पाने असतात. परंतु तेथे अर्थ चिताऱ्याने स्वतः पानावर रंगविलेला असतो. तो पाहणाऱ्यास शोधावा लागत नाही. दानिएलचा अर्थ पानावर नव्हता, तो दानिएलच्या मनात होता. चित्रातले वाचणे आणि चित्रात घालणे ह्यांतला हा भेद आहे. आपला खेळ परकीयांशी झुंजलेल्या वीराने निर्माण केला, असे म्हणण्यात जो अभिमान सुखावतो, त्यानेच त्या विद्वानाचे डोळे झाकले असावेत, असे आम्हांस वाटते.

ला हीरला निरोप दिल्यावर नावाचा प्रश्न उरतोच. त्यासंबंधी तीन-चार मते आहेत. पहिले मत असे, की पिके नावाच्या एका गृहस्थाने हा खेळ काढला. ही युक्ती फार जुनी. ज्या नावाची उपपत्ती लागत नाही, त्या नावाचा एक पुरुष कल्पावा, म्हणजे काम भागते. बदलीच्या निमित्ताने आम्ही ज्या ज्या गावी गेलो, तेथे तेथे गावाच्या नावाचा कोणी एक राक्षस, ऋषी किंवा राजा आम्हांस भेटलाच आहे. ह्या पिके महाशयांचाही विश्वासार्ह पुरावा कोठे नाही.

दुसरे मत इस्पिकाचे. इस्पिकास फ्रेंच भाषेत 'पीक' म्हणतात, म्हणजे भाला. दिसावयास हे सरळ आहे. पण आम्ही वर सांगितलेच आहे, की ह्या खेळात हुकूम नाही आणि कोणत्याही रंगास विशेष मान नाही. मग बदाम, चौकट सोडून इस्पिकाचेच नाव खेळास का पडावे? इस्पिक तर सगळ्याच फ्रेंच खेळांत आहे.

तिसरे मत खुंटीचे. 'पिके' म्हणजे खुंटी. घोडे बांधण्याच्या खुंट्यांवरून तो शब्द लष्करी पहाऱ्यास लागला. छावणीत पहारा करणारे शिपाई हा खेळ खेळत, म्हणून हे नाव, असे कोणी म्हणेल. हाच शब्द इंग्रजीत जाऊन पहाऱ्याच्या तुकडीस आणि पुढे कारखान्याच्या दारी उभ्या राहणाऱ्या संपकऱ्यांस लागला, हे खरे आहे. १९३० च्या सत्याग्रहात विदेशी कापडाच्या आणि दारूच्या दुकानांपुढे झालेले 'पिकेटिंग' आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतून घरोघर पोचले, ते ह्याच शब्दाचे अपत्य. खुंटीपासून सत्याग्रहापर्यंतची ती वंशावळ पक्की आहे. परंतु त्या वंशावळीत पत्त्यांचा खेळ बसविण्यास नुसत्या सारख्या उच्चारापलीकडे आधार नाही. येथे वाचकांनी आरंभीच्या ज्वारी-बाजरीचे स्मरण करावे.

उरते चौथे मत, आणि आमच्या दृष्टीने तेच सर्वांत संभवनीय आहे. वर ज्याची नोंद ठेवावयास सांगितली तो 'पिक' आता पुढे घ्यावा. फ्रेंच भाषेत 'पिके' ह्या क्रियापदाचा अर्थ टोचणे, डिवचणे. प्रतिपक्ष्याचा एकही गुण झालेला नसताना तिसावरून एकदम साठावर उडी मारणे, हा ह्या खेळातील सर्वांत झोंबणारा दंश आहे. त्या दंशास 'पिक' आणि तो ज्यात आहे त्या खेळास 'पिके' म्हणावे, हे खेळांच्या रीतीस धरून आहे. पत्त्यांचे खेळ पुष्कळदा आपल्या सर्वांत मोठ्या पराक्रमाचे नाव धारण करतात. आपल्या मेंढीकोटात चारही दश्श्या एका बाजूने जिंकल्या की मेंढीकोट होतो, आणि खेळाचे नावही तेच. बिझिकमध्ये इस्पिकची राणी आणि चौकटचा गुलाम एकत्र आले की त्या जोडीस 'बिझिक' म्हणतात, आणि खेळासही. तरीसुद्धा आम्ही येथे 'सिद्ध' हा शेरा मारणार नाही. आधी पिक आणि मग पिके, की आधी पिके आणि त्यावरून पिक, हे ठरविणारा जुना कागद पुढे आलेला नाही. संभवनीय, परंतु अनिर्णित, एवढाच शेरा न्याय्य होईल.

ज्याच्या स्वतःच्या जन्माचा पत्ता नाही, त्या खेळाने दुसऱ्या एका शब्दास मात्र जन्म दिला, आणि त्याचा पुरावा चोख आहे. सगळे हात एकाने करणे ह्यास पिकेत 'कापो' म्हणतात. मोलिएरचा तो दुर्दैवी गृहस्थ 'कापो'च झाला होता. फ्रेंचांच्या ह्या शब्दाचा तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात, म्हणजे १६१८ ते १६४८ च्या दरम्यान, जर्मन भाषेत प्रवेश झाला. तेथे त्याचे 'कापुट' झाले आणि अर्थ झाला पार मोडलेला, निकामी, खलास. जर्मनांकडून तो इंग्रजीत गेला. दोन महायुद्धांच्या कथा-चित्रपटांतून जो 'कापुट' जगभर ऐकू आला, तो मूळचा पत्त्यांच्या मेजावरचा. एक हरलेला डाव तीन भाषा ओलांडून रणांगणावर पोचला.

खेळानेही पुष्कळ पावसाळे पाहिले. १७४४ साली इंग्लंडात हॉइलने त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९३ साली पत्त्यांतील राजा, राणी आणि गुलाम ह्यांचीही गच्छंती झाली. राजांच्या जागी प्रतिभा, राण्यांच्या जागी स्वातंत्र्य आणि गुलामांच्या जागी समता ह्यांची चित्रे आली. ती फार दिवस टिकली नाहीत. राजेराण्या परतल्या आणि पिके चालूच राहिला. राज्यक्रांतीने जे साधले नाही ते विसाव्या शतकातील धावपळीने साधले. फ्रान्समध्ये 'बलोत' ह्या चौघांच्या खेळाने त्याची जागा घेतली. पण बलोतही त्याच ३२ पानांनी खेळतात. म्हणजे खेळ मागे पडला तरी त्याचा जोड मेजावरच राहिला.

आता कोणी विचारील, की एका विस्मृत खेळाच्या नावाची एवढी उठाठेव कशासाठी? आमचे उत्तर असे. आपण परप्रांतांत राहणारी माणसे. येथे शब्दांवरून, ग्रामनामांवरून, कोणती चाल मूळ कोणाची ह्यावरून वाद रोज कानी पडतात. आणि प्रत्येक पक्षापाशी एखादा ला हीर आणि त्याचा वकील असा एखादा दानिएल तयार असतो. आपणही त्यास अपवाद नाही. अशा वेळी सालांचा ताळा घ्यावा, शब्द कोणाच्या शेजारी बसला आहे ते पाहावे, आणि पुरावा अपुरा असेल तर 'अनिर्णित' असे निःसंकोचपणे लिहावे. त्याने कोणाचाही मान कमी होत नाही. पिकेचा जनक कोण हे न कळल्याने त्या फ्रेंच गृहस्थांच्या डावाची गोडी तिळमात्र उणी झाली नव्हती. आणि शेजाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा त्याच्याशी डाव मांडणे केव्हाही बरे. पिकेस दोनच माणसे लागतात, भाषा तीन उत्तरांपुरती लागते, आणि पाने तर प्रत्येक घरच्या जोडात आहेतच.